पहिल्या हंगामाचा निकाल किती खरा?

रॉयल चॅलेंजर्स बेंगळुरू संघाने ३ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे पंजाब किंग्जचा सहा धावांनी पराभव करून आयपीएलचे आपले पहिले विजेतेपद मिळवले. २००८च्या पहिल्या हंगामापासून या संघात अखंड राहिलेला एकच खेळाडू त्या दिवशी मैदानावर होता. विराट कोहली या संघात लिलावातून आलेला नव्हता. एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी तेव्हा स्वतंत्र निवडफेरी घेण्यात आली होती. अमेरिकी बास्केटबॉलमध्ये अशा फेरीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. त्या फेरीतून तो बेंगळुरूच्या वाट्याला आला आणि पहिल्या हंगामात त्याने १५च्या सरासरीने १६५ धावा केल्या. हे आकडे आजच्या एखाद्या नवोदित फलंदाजाच्या नावापुढे असते, तर त्याला दुसरी संधी मिळाली असती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

अलीकडे प्रत्येक लिलावानंतर काही तासांतच संघांना गुण दिले जातात. कोणत्या संघाने कोणता तरुण हेरला, कोणाचा पैसा वाया गेला, याची चर्चा खेळाडूने एकही चेंडू खेळण्यापूर्वी सुरू होते. तेरा-चौदा वर्षांची मुलेही आता व्यावसायिक संघांत दाखल होत आहेत. अशा वेळी नव्या खेळाडूची पारख कशावरून करावी, हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही.

गरज की गुणवत्ता?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल स्पर्धेत ड्राफ्टमागचा विचार सरळ आहे. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना नवे खेळाडू निवडण्याची संधी आधी मिळावी आणि स्पर्धेचा समतोल टिकावा, हा त्यामागील हेतू असतो. संघांनी मुद्दाम हरू नये म्हणून १९८५ पासून पहिल्या क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. आयपीएलमध्ये मुख्य लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला. त्यानंतर २ मार्च रोजी क्वालालंपूर येथे कोहलीच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला. या वयोगटातील खेळाडूंवर बोली लावण्याऐवजी संघांनी पाळीपाळीने त्यांची निवड केली.

दिल्लीची पाळी बेंगळुरूच्या आधी आली. कोहली दिल्लीचाच होता. तरीही दिल्लीने डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला पसंती दिली. आज हा निर्णय हास्यास्पद वाटतो, परंतु त्या वेळी त्यामागे तर्क होता. वीरेंद्र सेहवाग, गौतम गंभीर, शिखर धवन आणि मनोज तिवारी असे फलंदाज दिल्लीकडे आधीच होते. सांगवान त्याच हंगामात रणजी करंडक जिंकलेल्या दिल्ली संघात होता. संघाला गोलंदाज हवा होता आणि त्याने गोलंदाज घेतला.

बास्केटबॉलच्या इतिहासात याचे प्रसिद्ध उदाहरण १९८४चे आहे. पोर्टलँड संघाची निवड दुसऱ्या क्रमांकावर होती. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर हा उमदा खेळाडू आदल्याच वर्षी आला होता. त्याच्याच जागी खेळणारा आणखी एक खेळाडू घेण्याऐवजी पोर्टलँडने उंचापुऱ्या सॅम बोवीची निवड केली. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला घेतले. बोवीची कारकीर्द पायाच्या दुखापतींनी ग्रासली आणि पोर्टलँडचा निर्णय कायमचा चेष्टेचा विषय झाला. दोन्ही प्रसंगांत संघांनी स्वतःची आजची उणीव पाहिली. तरुण खेळाडूची निवड मात्र पुढील अनेक वर्षांसाठी असते, आणि आजची उणीव तोवर टिकेलच असे नाही.

१६५ धावांचा अर्थ

बेंगळुरूच्या प्रेक्षकाला क्रिकेट नवे नव्हते. जयनगर, बसवनगुडी, मल्लेश्वरम यांसारख्या जुन्या वसाहतींत गुंडप्पा विश्वनाथ, अनिल कुंबळे आणि राहुल द्रविड यांच्या कारकिर्दी डोळ्यांसमोर घडताना पाहिलेली पिढी राहत होती. १८ एप्रिल २००८ रोजी चिन्नास्वामी मैदानावर आयपीएलचा पहिला सामना झाला. कोलकात्याच्या ब्रेंडन मॅक्युलमने नाबाद १५८ धावा फटकावल्या. उत्तरादाखल बेंगळुरूचा डाव ८२ धावांत आटोपला. तिसऱ्या क्रमांकावर आलेला कोहली अशोक दिंडाच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला. त्याच्या खात्यावर एक धाव होती.

पुढेही चित्र फारसे बदलले नाही. चौदांपैकी दहा सामने गमावून बेंगळुरू आठ संघांत सातवे आले. द्रविड, जॅक कॅलिस आणि वसिम जाफर यांच्यामुळे हा कसोटीचा संघ आहे, अशी टीका झाली. मुख्य कार्यकारी अधिकारी चारू शर्मा यांना हंगाम सुरू असतानाच पद सोडावे लागले. ३७१ धावा करून द्रविड संघात आघाडीवर राहिला, तरी कर्णधार म्हणून अपयशाचा भार त्याच्यावरच पडला.

याच निवडफेरीतून बेंगळुरूने यष्टिरक्षक-फलंदाज श्रीवत्स गोस्वामी यालाही घेतले होते. त्याने पदार्पणातच अर्धशतक झळकावले आणि हंगामाअखेर स्पर्धेतील सर्वोत्तम एकोणीस वर्षांखालील खेळाडूचा पुरस्कार मिळवला. २००८च्या जून महिन्यात या दोघांपैकी बेंगळुरूची निवड कोणाच्या बाबतीत यशस्वी ठरली, असे विचारले असते, तर बहुतेकांनी गोस्वामीचे नाव घेतले असते. हाती असलेल्या आकड्यांनुसार ते उत्तर चुकीचेही नव्हते. पुढे गोस्वामी अनेक संघांतून खेळला, मात्र कोणत्याही संघात त्याचे स्थान पक्के झाले नाही.

एका हंगामाच्या आकड्यांची मर्यादा येथे स्पष्ट होते. वीस षटकांच्या सामन्यात मधल्या फळीतील फलंदाजाला एका डावात मोजकेच चेंडू मिळतात. बारा-तेरा डावांत अशा चेंडूंची बेरीज इतकी लहान असते की, दोन-तीन डाव चांगले गेले किंवा बिघडले तरी सरासरी उलटसुलट होते. त्यातच संघ सतत हरत असेल, तर धोका पत्करण्याची वेळ सर्वांत कमी अनुभवाच्या खेळाडूवरही येते.

आकड्यांपलीकडचे निकष

मग पाहायचे काय? पहिला निकष म्हणजे खेळाडूने आधीच्या धावा कोणासमोर आणि कोणत्या स्थितीत केल्या. डिसेंबर २००६ मध्ये दिल्ली आणि कर्नाटक यांच्यातील रणजी सामना सुरू असताना कोहलीच्या वडिलांचे निधन झाले. अठरा वर्षांचा कोहली दुसऱ्या दिवशी मैदानात उतरला आणि ९० धावा करून त्याने संघाला सावरले. ही खेळी कर्नाटकाच्याच गोलंदाजांविरुद्ध होती. बेंगळुरूच्या क्रिकेट वर्तुळाला या मुलाचा पीळ आयपीएलपूर्वीच ठाऊक असणार.

दुसरा निकष प्रगतीच्या दिशेचा. कोहलीच्या पहिल्या चार हंगामांच्या धावा अनुक्रमे १६५, २४६, ३०७ आणि ५५७ अशा आहेत. यांतील पहिले दोन आकडे स्वतंत्रपणे पाहिल्यास सामान्य वाटतात. एका ओळीत मांडल्यास चढण दिसते. २०११च्या मोठ्या लिलावापूर्वी बेंगळुरूने एकाच खेळाडूला संघात कायम ठेवले आणि तो कोहली होता. ५५७ धावांचा हंगाम त्यानंतरचा आहे. म्हणजेच निर्णय आकडे बहरण्यापूर्वी घेतला गेला. २०१६ मध्ये त्याने एकाच हंगामात ९७३ धावा केल्या.

तिसरा निकष खेळाडूपेक्षा संघाला अधिक लागू पडतो. नव्या खेळाडूला निश्चित भूमिका मिळाली का आणि ती टिकली का, हे तपासावे लागते. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने २०२० मध्ये चेन्नईकडून पहिल्या तीन डावांत ०, ५ आणि ० अशा धावा केल्या. हंगाम हातातून गेल्यावर चेन्नईने त्याला पुन्हा सलामीला पाठवले आणि त्याने सलग तीन अर्धशतके काढली. पुढच्याच वर्षी ६३५ धावांसह तो स्पर्धेत अव्वल ठरला. ते तीन अखेरचे सामने मिळाले नसते, तर त्याच्या नावावर त्या वर्षी केवळ पाच धावा राहिल्या असत्या.

हातून निसटलेले

कोहलीच्या बाबतीत दाखवलेला संयम बेंगळुरूने प्रत्येक वेळी दाखवला, असे म्हणता येत नाही. कर्नाटकाचा मनीष पांडे २००८ मध्ये मुंबईकडे होता. पुढील वर्षी बेंगळुरूकडून खेळताना त्याने नाबाद ११४ धावा केल्या. आयपीएलमधील ते भारतीय फलंदाजाचे पहिले शतक होते. २०११ मध्ये तो पुण्याच्या संघात गेला. १ जून २०१४ रोजी चिन्नास्वामी मैदानावरच झालेल्या अंतिम सामन्यात त्याने ९४ धावा करून कोलकात्याला विजेतेपद मिळवून दिले. बेंगळुरूच्या प्रेक्षकांनी आपल्या मैदानावर आपल्याच खेळाडूला दुसऱ्या संघासाठी करंडक जिंकताना पाहिले.

मुंबईच्या शिवम दुबेसाठी बेंगळुरूने डिसेंबर २०१८च्या लिलावात पाच कोटी रुपये मोजले. दोन हंगामांनंतर त्याला सोडण्यात आले. चेन्नईने त्याच्याकडून प्रामुख्याने मधल्या षटकांत फिरकीवर हल्ला करण्याचे काम करून घेतले. २०२३च्या विजेत्या चेन्नई संघासाठी त्याने ४१८ धावा केल्या. खेळाडूच्या अंगचा जोर तोच होता. त्याला दिलेले काम बदलले होते.

संयमाची दुसरी बाजू

या उदाहरणांवरून प्रत्येक नवोदिताला वाट्टेल तितकी संधी द्यावी, असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. जे यशस्वी झाले त्यांचीच कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते. २००८च्या त्याच विश्वचषकात सर्वाधिक २६२ धावा कोहलीच्या नव्हे, तर तन्मय श्रीवास्तवच्या होत्या. कोहलीच्या धावा २३५ होत्या. श्रीवास्तव भारताच्या मुख्य संघापर्यंत पोहोचला नाही. निवृत्तीनंतर २०२५ मध्ये तो आयपीएलमध्ये पंच म्हणून उभा राहिला. अंतिम सामन्याचा मानकरी अजितेश अरगल याचेही नाव आज थोड्यांनाच आठवते.

बास्केटबॉलमध्ये पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातील सतनाम सिंग याला २०१५ मध्ये डॅलस संघाने ५२व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. सात फूट दोन इंच उंचीच्या या तरुणाच्या निवडीचा देशभर जल्लोष झाला. प्रत्यक्षात त्याला एनबीएच्या नियमित हंगामातील एकही सामना खेळायला मिळाला नाही. याउलट, भारतीय वंशाचा कॅनडियन खेळाडू सिम भुल्लर याला २०१४च्या ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते; एप्रिल २०१५ मध्ये तो सॅक्रामेंटोकडून एनबीएत उतरला. निवड झाल्याने दार उघडते. आत टिकण्यासाठी वेग, सराव, सामन्यांचा अनुभव आणि संघाची गरज या साऱ्यांचा मेळ बसावा लागतो.

घाईची स्तुतीही तितकीच घातक

पारख करण्यातील घाई केवळ टीकेतच दिसते असे नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी राजस्थानच्या वैभव सूर्यवंशीने वयाच्या चौदाव्या वर्षी ३५ चेंडूंत शतक पूर्ण केले. त्यानंतर पाचच दिवसांनी, चिन्नास्वामी मैदानावर चेन्नईकडून खेळताना विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने बेंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या. बेंगळुरूने तो सामना दोन धावांनी जिंकला, तरी चर्चा म्हात्रेचीच झाली. दोघांचीही गुणवत्ता वादातीत आहे. परंतु एका डावावरून भावी महानायक ठरवणे आणि एका हंगामावरून अपयशी ठरवणे, या दोन्हींमागे पुरावा सारखाच तोकडा असतो. त्याची किंमत मात्र शाळेच्या वयातील मुलाला मोजावी लागते. पुढच्या तीन डावांत तो अपयशी ठरला, की कालचे कौतुकच आजच्या टीकेचे माप बनते.

व्यावसायिक संघांकडे जागा मर्यादित असतात, खर्चाला कमाल मर्यादा असते आणि प्रशिक्षकाची नोकरीही निकालावर अवलंबून असते. त्यामुळे कोणाला तरी सोडावे लागणारच. सोडण्यापूर्वी त्याला ठरलेल्या जागी पुरेसे सामने मिळाले होते का, दाखवून दिलेला दोष त्याने कमी केला का आणि दुसरा हंगाम पहिल्यापेक्षा पुढे गेला का, या तीन प्रश्नांची उत्तरे संघाकडे असायला हवीत. ती नसतील, तर तो निर्णय खेळाडूबद्दल फारसे काही सांगत नाही.

जयनगरच्या जुन्या प्रेक्षकाला हे समजण्यासाठी आयपीएलची गरज नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये कानपूर येथे गुंडप्पा विश्वनाथ ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळला. पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला आणि दुसऱ्या डावात त्याने १३७ धावा केल्या. कसोटी सामन्याच्या रचनेनेच त्याला दुसरा डाव दिला होता. आजच्या नवोदिताला तो देणे संघमालक आणि प्रशिक्षकांच्या हातात आहे.