ओसरीवरून : तीन आठवड्यांचा व्हिसा

सोयाबीनची मळणी आटोपली आणि एका संध्याकाळी आमचे साडू ओसरीवर येऊन बसले. चहा झाला तरी बोलेनात. मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, विहिरीजवळचा एकर काढावा म्हणतो."

आम्ही दचकलोच. ओलिताखालचा त्यांचा तेवढाच तुकडा. विचारले तेव्हा उलगडा झाला. त्यांची थोरली लेक नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करून तालुक्याच्या एका दवाखान्यात नोकरी करते. तिला जर्मनीला पाठवतो म्हणणारा एक गृहस्थ भेटला होता. सात लाख रुपये द्या, जलद व्हिसाची नवी योजना निघाली आहे, तीन आठवड्यांत पोरगी विमानात बसेल, असे तो सांगून गेला होता.

वाचकहो, यातली गंमत अशी की तो गृहस्थ सगळेच खोटे बोलत नव्हता. तीन आठवड्यांची गोष्ट जर्मनीच्या कायद्यात खरोखरच आहे. ती कोणासाठी आणि केव्हा लागू होते, एवढेच त्याने गाळले होते.

जर्मनीत म्हातारी माणसे वाढली आणि हाताशी येणारी तरणी पिढी कमी पडू लागली. दवाखाने, कारखाने, बांधकामे, सगळीकडे शिकलेल्या हातांची टंचाई. म्हणून कुशल कामगार बाहेरून आणण्याचा एक कायदा तिथे १ मार्च २०२० पासून लागू झाला. पूर्वी एखाद्या दवाखान्याने परदेशातली नर्स निवडली, तरी कागद या कचेरीतून त्या कचेरीत महिनोन्महिने फिरत. नव्या कायद्याने मालकांसाठी एक जलद वाट काढली.

ती अशी. जर्मनीतला मालक कामगाराचे मुखत्यारपत्र घेऊन आपल्या भागातल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जातो, तिच्याशी करार करतो आणि ४११ युरो फी भरतो. आपल्या हिशेबाने चाळीस हजारांच्या आसपास. त्यानंतर बाकीच्या खात्यांचा पाठपुरावा त्या कचेरीने करायचा. कामगाराचे शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोडीचे आहे की नाही, हे ठरवणाऱ्या खात्याने सगळे कागद हाती आल्यावर दोन महिन्यांत निर्णय द्यायचा. रोजगार खात्याला एक आठवडा. आठवड्यात उत्तर आले नाही तर संमती आहे असेच धरायचे. (असा नियम आपल्या तहसील कचेरीत आला तर सातबाऱ्याची निम्मी दुखणी बरी होतील!) एवढे झाल्यावर पूर्वसंमतीचे पत्र निघते. मग वकिलातीने तीन आठवड्यांत भेटीची तारीख द्यायची आणि पूर्ण अर्ज हाती आल्यावर साधारण आणखी तीन आठवड्यांत निकाल द्यायचा.

म्हणजे ते तीन आठवडे येतात सर्वांत शेवटी. ही वाट उघडतो तो मालक, किंवा मालकाने नेमलेला माणूस. मुलीने इथून कितीही पैसे ओतले तरी मालकाशिवाय ती उघडत नाही. मालकाचा पत्ता नाही आणि व्हिसाची तारीख पक्की, हे म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

खरा वेळ जातो त्याच्या आधी, आणि तिथे कोणताही कायदा घाई करू शकत नाही. जर्मन भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे चौथी पायरी, बी-२, गाठावी लागते. रोज नेमाने अभ्यास केला तरी त्यात वर्ष सहज निघून जाते. आणि ते योग्यच आहे. रोगी छातीत दुखते म्हणाला आणि नर्सला पोटात दुखते असे कळले तर? शिवाय आपला कोर्स तिथल्याशी तंतोतंत जुळला नाही, तर तिथे जाऊन काही महिने जादा शिक्षण घ्यावे लागते किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर सहायक म्हणून काम आणि पगारही तसाच. हे आधी माहीत असलेले बरे.

आणखी एक गोष्ट मायबहिणींसाठी. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव, आधारवर सासरचे, आणि पासपोर्टवर स्पेलिंग तिसरेच, हे आपल्याकडे घरोघरी आहे. परक्या देशातल्या कारकुनाला ती तीन बायका वाटतात. लग्नाचा दाखला आणि लागल्यास नावबदलाचे राजपत्र आधीच करून ठेवावे. कागद अपुरे असले तर वर सांगितलेली दोन महिन्यांची मुदत सुरूच होत नाही.

आता पैशांचे. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते. नोंदलेल्यांची नावे केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येतात. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, तो मोबाईलवर काढून देईल. केरळ सरकारच्या 'नोर्का रूट्स' या संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीशी नर्सेसच्या भरतीचा करार केला. त्या योजनेत भरतीचा खर्च नर्सवर नाही, मालकावर आहे. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसे वीस हजारांवरून नव्वद हजार करण्याचे जर्मन सरकारने जाहीर केले. गरज त्यांचीही आहे, हे यावरून दिसते. मग सात लाख आपण कशाचे द्यायचे?

साडूंना आम्ही एवढेच सुचवले की त्या गृहस्थाला तीन गोष्टी विचारा. मालकाचे नाव-पत्ता काय, नोकरीचा करार कुठे आहे आणि तुमचा नोंदणी क्रमांक कोणता. त्यांनी विचारल्या. तो "उद्या आणतो" म्हणाला. उद्याचे पंधरा दिवस झाले, फोन लागत नाही.

पोरगी मात्र हटलेली नाही. परवा आली होती. म्हणाली, "काका, जायचे तर आहेच." तिने जिल्ह्याच्या गावी जर्मनचा वर्ग धरला आहे. रात्रपाळी करून सकाळच्या एसटीने जाते, गाडीतच शब्द पाठ करते. तिची आई कुरकुरते, की वय वाढत चालले, स्थळे कधी पाहायची? त्या वादात आम्ही पडलो नाही. पहिल्या पायरीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. विहिरीजवळच्या एकरात साडूंनी हरभरा पेरला आहे.