कस यंत्राचा की कानाचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ‘अभ्यासाचे विषय’ आणि ‘अभ्यासाबाहेरच्या कला’ यांच्यामधील भिंत पाडण्याचा संकल्प केला. २०२३ मध्ये आलेल्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण आणि व्यवसायशिक्षण या दोहोंना शाळेच्या वेळापत्रकात मानाचे स्थान देऊ केले. या दोन क्षेत्रांच्या सीमेवर उभा असलेला एक विषय म्हणजे संगीत तंत्रज्ञान. गाण्याचे ध्वनिमुद्रण करणे, त्यातील दोष काढणे, निरनिराळ्या वाद्यांचे आवाज योग्य प्रमाणात मिसळणे, संगणकाच्या साहाय्याने नवी रचना बांधणे, हे सारे त्यात येते. आज असंख्य मुले मोबाइल आणि संगणकावर हे घरबसल्या करतात. आईवडिलांना मात्र तो अभ्यास सोडून चाललेला खेळ वाटतो. हा विषय शाळेत यावा काय, या प्रश्नाचे उत्तर ‘यावा’ असेच असले पाहिजे. परंतु तो येण्यापूर्वी दुसऱ्या एका प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे. या विषयात विद्यार्थ्याला गुण द्यायचे ते नेमके कशासाठी?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गणिताच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने केलेल्या पायऱ्या दिसतात. येथे परीक्षकाच्या हाती येते ती तीन मिनिटांची तयार ध्वनिफीत. तिच्यातील चकाकी विद्यार्थ्याची की सॉफ्टवेअरची, हे तिच्यावरून कळत नाही. बेसूर गळा सुरात आणणारे ‘ऑटो-ट्यून’ १९९७ मध्येच बाजारात आले. आता तर दोन ओळींत मागणी लिहिताच शब्द, चाल, वाद्यवृंद आणि गळा यांसह संपूर्ण गाणे तयार करून देणारी साधने शाळकरी मुलांच्या हाती आहेत. अशा काळात केवळ तयार वस्तूला गुण देणे म्हणजे स्वयंपाकाच्या परीक्षेत उपाहारगृहातून आणलेल्या ताटाला गुण देण्यासारखे होईल. शिवाय ज्याच्या घरी महागडा मायक्रोफोन आणि खासगी शिकवणी आहे, त्याची ध्वनिफीत जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाच्या ध्वनिफितीपेक्षा सरस वाटणारच. परीक्षा मग गुणवत्तेची न राहता ऐपतीची होते.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी ए-लेव्हल स्तरावर संगीत तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. पिअर्सन एडेक्सेल या परीक्षा मंडळाने २०१७ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात गुणांची वाटणी चार भागांत केली आहे. ध्वनिमुद्रणाला २० टक्के, तंत्राधारित रचनेला २० टक्के, ऐकून विश्लेषण करण्याला २५ टक्के आणि प्रत्यक्ष निर्मिती व विश्लेषणाला ३५ टक्के. पहिले दोन भाग विद्यार्थी वर्षभरात सावकाश पूर्ण करतो. परंतु उरलेले ६० टक्के गुण परीक्षागृहात, घड्याळाच्या काट्यावर मिळवावे लागतात. शेवटच्या भागात मंडळच सर्वांना सारखे कच्चे ध्वनी पुरवते आणि सव्वादोन तासांत ते दुरुस्त करून, मिसळून द्यायला सांगते. घरचा स्टुडिओ तेथे कामाला येत नाही. विद्यार्थ्याने कोणता निर्णय का घेतला, हे तेथे महत्त्वाचे ठरते.

ही पद्धत घेण्याजोगी आहे. तिचा आशय मात्र जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्या अभ्यासक्रमातील ऐकण्याचा भाग जॅझ, ब्लूज, रॉक, डिस्को, रेगे अशा पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतप्रकारांभोवती बांधलेला आहे, आणि ते त्यांच्या दृष्टीने योग्यच आहे. अडचण आपली आहे. संगीताची बहुतेक प्रचलित सॉफ्टवेअर बारा समान स्वरांच्या चौकटीवर उभी आहेत. आता जुळलेला तंबोरा ऐकावा. त्याच्या खर्जाच्या तारेतून कोणी न छेडताही एक गांधार उमटतो. त्याला आपल्या परंपरेने स्वयंभू गांधार म्हटले. एका अर्धस्वराचे १०० भाग कल्पिले, तर हा गांधार संगणकाच्या गांधारापेक्षा सुमारे १४ भागांनी उतरलेला असतो. म्हणजे तंबोऱ्याशी तंतोतंत मिळालेला विद्यार्थ्याचा स्वर यंत्राच्या पडद्यावर ‘चुकीचा’ दिसेल आणि ‘दुरुस्त’ केला की तंबोऱ्याशी भांडू लागेल! दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गांधार, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, विलंबित लयीतील ठहराव यांचीही हीच गत. परीक्षकाच्या गुणतक्त्यात ‘स्वराची अचूकता’ एवढेच लिहिलेले असेल आणि ती अचूकता यंत्र ठरवणार असेल, तर आपल्याच मुलांना आपल्याच संगीतासाठी गुण गमवावे लागतील.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सहकार्याने श्रुतींचे मोजमाप केले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळातील इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनाही त्या विषयाने ओढून घेतले. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले आणि ते पुढील तीन दशके उघडले नाही. पट्टीच्या ठरीव स्वरांनी गायकाचा गळा बिघडेल, ही त्यामागची धास्ती होती. परंतु त्याच पेटीला गोविंदराव टेंबे, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांच्या हातांनी रागसंगीताच्या बैठकीत सन्मान मिळवून दिला. कान तयार असेल तर यंत्र सेवक होते, कान कच्चा असेल तर ते मालक होऊन बसते, हाच या इतिहासाचा बोध आहे. तेव्हा यंत्राला घाबरण्याचे कारण नाही आणि त्याच्यापुढे मान तुकवण्याचेही नाही.

‘कलेला गुण देताच येत नाहीत’ असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा शाळेच्या फळ्यावर गाणे शिकवण्याची कल्पनाच अनेकांना विपरीत वाटली असेल. पंडितजींच्या शिष्यपरिवाराने १९३१ मध्ये उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षांची पायरीपायरीने रचना केली. त्या परीक्षांनी थोर कलावंत घडवल्याचा दावा कोणी करत नाही. परंतु घरोघरी जाणता श्रोता आणि गावोगावी संगीत शिक्षक निर्माण झाला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परीक्षेने प्रतिभा मोजू नये, कसब मोजावे. मुद्रणात आलेली विजेची घरघर, फाटलेला आवाज, तबल्याखाली दबलेला गायक हे दोष आवडीनिवडीचे नसतात. ते कोणालाही दाखवता येतात आणि म्हणून तपासताही येतात.

मग आपली परीक्षा कशी असावी? मंडळाने सर्व केंद्रांना एकच कच्चे मुद्रण द्यावे. समजा एक भजन असेल, ज्यात गळा, पेटी, तबला आणि टाळ वेगवेगळे मुद्रित आहेत. सर्वांना सारखेच, शक्यतो विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर द्यावे. विद्यार्थ्याने दोष काढून ते भजन श्रवणीय करावे आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद वहीत लिहावी. त्यानंतर बाहेरून आलेल्या परीक्षकाने पाच मिनिटे समोरासमोर विचारावे : टाळ मागे का ठेवलास? डग्ग्याचा घुमारा कमी का केलास? ज्याने स्वतः काम केले आहे त्याला उत्तर देताना अडखळावे लागणार नाही. ज्याने यंत्राकडून करून घेतले आहे त्याची पहिल्याच प्रश्नाला गाठ पडेल. जोडीला श्रवणपरीक्षा हवीच. बेसूर तंबोरा ओळखणे, जव्हारीतला फरक सांगणे, स्वर सॉफ्टवेअरने ओढूनताणून सरळ केला आहे काय हे कानाने टिपणे, अशा प्रश्नांना त्यात स्थान असावे.

यासाठी संगीत शिक्षकाला तंत्राचे आणि संगणक शिक्षकाला स्वराचे प्रशिक्षण द्यावे लागेल. ते खर्चाचे आणि वेळेचे काम आहे. ते टाळून सगळे गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनावर सोपवले, तर सर्वांना सढळ हाताने गुण वाटण्याची सवय येथेही शिरेल. मग टक्के वाढतील, विद्या वाढणार नाही. असे गुण मिळवलेल्या मुलाला बाहेर पहिल्याच कामात अपयश येईल आणि त्याचा दोष आपण त्याच्याच माथी मारू.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सर्वांना आनंद झाला. त्या मिरजेतील कारागीर तंबोरा बाहेर पाठवण्याआधी जव्हारी कानाने तपासतो. हाताखालच्या मुलाने नुसते लाकूड चकचकीत केले म्हणून तो त्याला शाबासकी देत नाही. तार छेडून काय ऐकू आले, हे विचारतो. संगीत तंत्रज्ञानाची परीक्षा आखणाऱ्यांनी परदेशी गुणतक्ते मागवण्यापूर्वी एकवार त्या कारखान्यात जाऊन बसावे.