रस्त्यावरची उतरंड

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली; त्यांत ३२,८२५ पादचारी होते. शंभरातल्या सत्तरहून अधिक मृत्यूंमागे भरधाव वेग आहे, असे सरकारी अहवालच सांगतो. तरी पहिला सवाल मेलेल्यालाच, "मध्ये कशाला आला?"

आम्हाला यात जुनीच उतरंड दिसते. मोटारवाला दुचाकीला दाबतो, दुचाकीस्वार फुटपाथवर चढून पायी माणसाला हुसकावतो. तळाशी सफाई कामगार, हातगाडीवाला, नाक्यावरचा मजूर. पुण्यात मे २०२४ मध्ये आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला. जनक्षोभ उसळल्यावरच आदेश बदलला.

संविधानाच्या कलम १५(२) ने विहिरी-तलावांबरोबर रस्तेही सर्वांना खुले केले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथचा हक्क जगण्याच्या हक्कात मोजला. तो मिळवण्यासाठी पालिकेशी भांडावेच लागेल. पण बांधवांनो, भीमजयंतीला एका गाडीवर तिघे बसून, सिग्नल तोडून सुसाट जाणारी आपलीही पोरे आहेत. ज्यांच्या पूर्वजांना पाणवठ्यावरून हाकलले, त्यांनी पायी माणसाला रस्त्यावरून हाकलू नये.