विश्लेषण : इंग्रजांच्या वेडाला आपल्या देवळालीचे नाव कसे पडले?

इंग्लंडमध्ये कुणी विचित्र वागू लागला की ‘तो डूलॅली झालाय’ असे आजही सहज म्हटले जाते. म्हणणाऱ्या बहुतेकांना कल्पना नसते की हे एका गावाचे नाव आहे आणि ते गाव नाशिकला लागून आहे. आपली देवळाली! ‘ळ’ गोऱ्या शिपायांच्या जिभेला जमेना, म्हणून देवळालीची ‘डिओलाली’ आणि पुढे ‘डूलॅली’ झाली. सैनिकांच्या बोलीतले असे शब्द ऐकायला गमतीचे वाटतात. पण त्यातल्या अनेक शब्दांखाली कुणाचे तरी हाल दडलेले असतात.

देवळालीत काय होत असे?

१८६५ मध्ये थळ म्हणजेच कसारा घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई बंदरापासून सुमारे १८० किलोमीटरवरची देवळाली लष्करी तळासाठी सोयीची ठरली. विलायतेहून आलेले सैनिक इथून देशभर पांगत, तर नोकरीची मुदत संपलेले इथे येऊन परतीच्या जहाजाची वाट पाहत. अडचण एवढीच, की सैनिकांना नेणारी जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च याच काळात सुटत. ज्याचे जहाज हुकले त्याचा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीतच. धड कवायत नाही, काम नाही, घरी जायची तारीख नाही. हाताशी दारू, अंगात हिवताप. वर्षानुवर्षे सरळ नोकरी केलेला माणूस इथे भांडणतंट्यात सापडून शिक्षा भोगू लागे. रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स या पलटणीतला साधा शिपाई फ्रँक रिचर्ड्स याने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ च्या आठवणींत या छावणीबद्दल लिहिले आहे.

मूळ शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता. हा टॅप म्हणजे पाण्याचा नळ नव्हे, आपला ताप. ताप अंगात असतो तसा डोक्यालाही असतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. पुढे ताप गळून पडला, गावही विसरले गेले आणि उरला तो फक्त वेडेपणा. बीबीसीने १९७४ मध्ये ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका सुरू केली, तीही याच देवळालीच्या छावणीत घडणारी. वाट पाहून खचलेल्या माणसांचा शब्द हसण्याचा विषय झाला तो असा.

आणखी कोणते शब्द इथून गेले?

बरेच. स्वयंपाकाची ‘डिक्सी’ देगचीवरून, फुकटचे ते ‘बक्शी’ बक्षिसावरून, पायाला गुंडाळायची ‘पटी’ आपल्या पट्टीवरून. ‘चिट’ ही तर चिठ्ठीच. पाव म्हणजे ‘रूटी’, आणि दीर्घ सेवेच्या पदकाला शिपाई ‘रूटी गाँग’ म्हणत. इतकी वर्षे सरकारची रोटी खाल्ल्याचे पदक! सरकारी सन्मानाची इतकी नेमकी टिंगल दुसऱ्या कुणाला जमली नसती.

पण सर्वांत बोलका शब्द ‘ब्लायटी’. भारतीय लोक इंग्लंडला विलायत म्हणत. त्या ‘विलायती’चेच हे रूप. इथल्या गोऱ्या शिपायांनी आपल्याच देशाचे हे परके नाव उचलले आणि पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सच्या खंदकांत पोहोचले. तिथे ‘ब्लायटी’ म्हणजे एक विशिष्ट जखम : जीव जाणार नाही, पण घरी मात्र पाठवतील इतपत मोठी. एखाद्याला अशी गोळी लागली की सोबती त्याला नशीबवान समजत. काहींनी स्वतःच्याच हातापायावर गोळी झाडून घेतली, आणि तो लष्करी न्यायालयात शिक्षेचा गुन्हा होता. गोळी लागलेल्याचा हेवा वाटावा, हे कुठल्याही सरकारी पत्रकात येणे शक्य नव्हते. बोलीत ते दोन अक्षरांत आले.

देवाणघेवाण उलटही झाली. ‘पलटण’ बटालियनवरून, ‘रंगरूट’ रिक्रूटवरून, ‘अर्दली’ ऑर्डर्लीवरून. पहारेकऱ्याने ‘हू कम्स देअर’ असे दरडावायचे, त्याचे देशी शिपायांनी ‘हुकुमदार’ केले. अर्थही जवळपास लागतो, हे विशेष.

मग भारतीय शिपाई मनातले कसे बोलत?

जपून. १९१४-१५ मध्ये फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय सैनिकांची पत्रे तपासूनच पुढे पाठवली जात. तेव्हा काहींनी मिरीमिरचीचा आधार घेतला. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली आहे, असे घरी कळवले की किती माणसे पडली ते वाचणाऱ्याने ओळखायचे. तपासनिसांनाही ही खूण समजली होती, म्हणूनच आज ती आपल्याला माहीत आहे.

सरकारला या शब्दांची भीती वाटते का?

एका शब्दाची तरी वाटली. तोफगोळ्यांच्या माऱ्यात राहून थरथरणाऱ्या, वाचा गेलेल्या सैनिकांच्या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हटले जाऊ लागले. डॉ. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो शब्द वापरला. तो आपण घडवलेला नाही, हे त्यांनी पुढे स्पष्ट केले. रुग्णांची संख्या वाढली तसा हा शब्दच लष्कराला नकोसा झाला. ‘शॉक’ म्हटले की ती युद्धातली इजा ठरते, आणि इजा म्हटली की उपचार आले, निवृत्तिवेतन आले. १९१७ मध्ये अहवालांत तो लिहायला मनाई झाली. त्याऐवजी ‘अद्याप निदान नाही, मज्जाविकार’ अशा अर्थाची चार इंग्रजी अक्षरे लिहायची होती.

ती अक्षरे कागदावरच राहिली. युद्धानंतर ब्रिटिश युद्धखात्याने याच प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९२२ मध्ये आला, तेव्हा त्याच्या शीर्षकात शब्द होता ‘शेल शॉक’.