लाभ, दोन, तीन...

भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी धान्य पायलीने मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. पुढे दोन, तीन. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. व्यवहार तोंडी, आणि तोच प्रमाण.

त्या व्यवहाराचा पाया पाढ्यांत होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी मुलांना मुखोद्गत असे. औट म्हणजे साडेतीन. रुपया सोळा आण्यांचा असल्याने पाव, निम्मे, पाऊण हे हिशेब सहज सुटत. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आला आणि या पाढ्यांचे शाळेतील स्थान गेले.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला. मुलांची अडचण खोटी नव्हती. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत एक उणा करायचा, आणि नव्याण्णवला मात्र नव्वदात नऊ मिळवायचे! मलय भाषेत एकवीसला ‘दुआ पुलुह सातु’, म्हणजे ‘दोन दहा एक’ असे सरळ म्हणतात.

त्याच मलय भाषेत भारतातून गेलेले संख्याशब्दही आहेत. पण तेथे ‘लाक्सा’ म्हणजे दहा हजार, ‘केती’ म्हणजे एक लाख आणि ‘जुता’ म्हणजे दहा लाख. मुळात लक्ष, कोटी आणि अयुत. अयुत आपल्याकडे दहा हजार. शब्द समुद्रापार टिकले, मोल बदलले. शब्द आणि त्याचे मोल दोन्ही एकत्र जपली, तरच हिशेब टिकतो.

जैन परंपरेने तर संख्येला शास्त्राचा मान दिला. आगमांत संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद आहेत. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात चोवीस स्थानांपर्यंत संख्यांची नावे आहेत.

आज त्याच परंपरेतील घरात आजोबा ‘पावणेदोनशे’ म्हणतात आणि गल्ल्यावरचा नातू ‘म्हणजे किती?’ असे विचारतो. उत्तर यंत्र देईल, १७५. पण आजोबांचा शब्द त्याला परका झाला, तर त्यांच्या चोपड्या आणि त्यांचा अनुभवही परका होईल. शाळेत ‘वीस एक’ खुशाल शिकावे. घरी मात्र रोज रात्री दहा मिनिटे पावकी-दिडकी म्हणावी. या ठेवीला वारस लागतो, आणि तो घरातच घडवावा लागतो.