पहिलवानानेही लघवी तपासावी

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक तरुण आला. तालमीत जाणारा, छाती भरदार. तक्रार त्याची नव्हती, सोबत आलेल्या आईची होती. सकाळी पोराचे डोळे सुजलेले दिसतात आणि संध्याकाळी पायमोजे काढले की पायावर खोल वळ उमटतात. मी लघवी तपासायला सांगितली, तर गडी हसला. "डॉक्टर, मी रोज तीनशे जोर मारतो. मला काय होणार?"

मी त्याला अलोन्झो मॉर्निंगची गोष्ट थोडक्यात सांगितली. बाहेर पेशंट खोळंबले होते, म्हणून राहिलेली इथे सांगतो.

मॉर्निंग हा अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतला नामवंत खेळाडू. उंची सहा फूट दहा इंच. समोरच्याने टोपलीकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षे तो सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. त्या स्पर्धेच्या मधेच मुलीच्या जन्मासाठी तो अमेरिकेला जाऊन परत आला होता. एवढ्या विमानप्रवासानंतर पाय सुजले, थकवा आला, तर कोणीही प्रवासालाच दोष देईल. पण मायदेशी झालेल्या तपासणीत मूत्रपिंडाचा आजार निघाला. वय अवघे तीस!

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. मॉर्निंगच्या आजारात या गाळण्यांवर वण पडत जातात. मग रक्तातले प्रथिन लघवीवाटे वाहून जाते, लघवीला फेस येतो, अंगात पाणी साठते. दुखत मात्र काहीच नाही. खरी फसगत इथेच होते. दुखले नाही की आपण डॉक्टरकडे जात नाही, आणि कंबर दुखली की मात्र 'किडनी गेली' म्हणून धावत येतो!

औषधे घेत मॉर्निंग २००१-०२ चा हंगाम खेळला. पुढचा हंगाम घरी बसला, २००३ मध्ये नव्या संघातून पुन्हा उतरला आणि नोव्हेंबरात त्याला थांबावेच लागले. मी त्याचा डॉक्टर असतो तर त्याला आधीच बसवला असता. त्याने माझे ऐकले असते असे नाही. डिसेंबर २००३ मध्ये त्याच्यावर मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले. मूत्रपिंड दिले ते नात्यातल्या एका भावाने, सख्ख्या नव्हे. आपल्या कायद्यात असा भाऊ 'जवळचा नातेवाईक' धरत नाहीत. त्याला द्यायचे झाल्यास समितीची परवानगी लागते. पण आपल्याकडे परवानगीपर्यंत गोष्ट जातेच कुठे? घरात देण्याची वेळ आली की आई नाहीतर बायको पुढे होते आणि धडधाकट भाऊ शेताची, नोकरीची कारणे सांगतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

वर्षाच्या आत मॉर्निंग पुन्हा मैदानात दिसला. २००६ साली मायामी हीटने अजिंक्यपद मिळवले, त्या अखेरच्या सामन्यात त्याने पाच चेंडू अडवले. २००९ च्या जानेवारीत तो निवृत्त झाला, तोही मूत्रपिंडामुळे नव्हे, गुडघ्याच्या दुखापतीमुळे. २०२४ मध्ये त्याला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तोदेखील तपासणीतच. शस्त्रक्रिया होऊन त्यातूनही तो बरा झाला.

प्रत्येक सूज मूत्रपिंडाचीच असते असे नाही. पण लघवीतले प्रथिन पाहायला फार खर्च येत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, आणि दुखण्यावरच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेणाऱ्यांनी ही तपासणी वर्षातून एकदा तरी करावीच. नुसते रक्तातले क्रिएटिनिन पाहून निर्धास्त होऊ नये. ते वाढेपर्यंत मूत्रपिंडाचे बरेच काम बंद पडलेले असते.

आमच्या पहिलवानाने आईच्या धाकाने बाटली तेवढी नेली आहे. आज सहा दिवस झाले, रिपोर्टचा पत्ता नाही. तो पेपर वाचत नाही, पण त्याची आई वाचते. माउली, सोमवारी सकाळची पहिली लघवी घेऊन त्याला नऊच्या आत पाठवा. रक्तदाबही मोजायचा राहिला आहे.