पोटांतला वारा आणि छातींतली धडधड

नंदुरबारच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या यजमानांचें वय साठीच्या पुढें असून संकष्टीचें व्रत तरुणपणापासून अखंड चालू आहे. दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीखेरीज पोटांत कांहीं नाहीं. चंद्रोदय झाल्यावर नऊ-साडेनऊ वाजतां वरणभात, तळण आणि मोदक असें भरगच्च पान. आणि लगेच अंथरुणास पाठ. अलीकडे निजतांच छातींत धडधड सुरू होते, मधला एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, आणि दोन-चार ढेकर आले कीं सारें शांत होतें. घरांतील मंडळी म्हणतात, वारा धरला आहे, ओवा-हिंग द्या. बाई विचारतात कीं, पोटाचा आणि काळजाचा असा संबंध खरोखर असतो, कीं आम्ही आपली समजूत घालीत आहों?

संबंध असतो. आपल्या जुन्या वैद्यांस तो ठाऊक होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत 'त्रिमर्मीय' नांवाचा अध्याय आहे. त्यांत उदावर्त, म्हणजे वायूची उलटी गति, आणि हृद्रोग या दोहोंचा विचार एकत्र आला आहे. पश्चिमेकडे लुडविग रोमहेल्ड या जर्मन डॉक्टरांनीं १९१२ सालीं, फुगलेल्या जठरामुळें हृदयाच्या तक्रारी कशा उद्भवतात हें मांडलें, आणि त्या लक्षणसमूहास पुढें त्यांचेंच नांव मिळालें.

हें घडतें कसें? छाती आणि पोट यांच्यामध्यें श्वासाचा पडदा आहे. हृदय त्याच्यावर टेकलेलें, आणि डाव्या बाजूस त्याच्याच खालीं जठराचा वरचा भाग. जठर वाऱ्यानें फुगलें कीं पडदा वर सरकतो. परंतु नुसत्या ढकलण्यानें सारा उलगडा होत नाहीं. मेंदूंतून निघून मान व छाती यांतून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नांवाची एक लांब नस आहे. तिच्या शाखा हृदयासहि जातात आणि जठरासहि. हृदयाच्या गतीला ती लगामासारखी आहे. पोट ताणलें गेलें कीं हा लगाम खेंचला जातो. ठोके मंदावतात, आणि कांहीं माणसांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडतो. अन्ननलिका तर डाव्या वरच्या कप्प्याला पाठीमागून अगदीं खेटूनच जाते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलिप कूमेल या फ्रेंच हृद्रोगतज्ज्ञांनीं, रात्रीं आणि जेवणानंतर उद्भवणाऱ्या अशा तालबिघाडाचें वर्णन केलें आहे. चुकलेला वाटणारा ठोकाहि बहुधा चुकलेला नसतो. तो वेळेआधीं पडून गेलेला असतो, आणि त्यामागची लांबलेली विश्रांति तेवढी आपणांस जाणवते. असे सुटे ठोके निरोगी माणसांतहि आढळतात.

येथवर वाचून घरांतील मंडळी, पाहा, आम्ही म्हणत होतों तेंच, असें म्हणतील. तेथेंच आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे. ढेकर आल्यावर धडधड थांबली, यावरून ती वाऱ्याचीच होती असें सिद्ध होत नाहीं. 'एट्रियल फिब्रिलेशन' हा विकार प्रारंभीं आपण होऊन येतो आणि आपण होऊन जातो; त्याच सुमारास ढेकर आला, तर श्रेय ढेकरास मिळतें. या विकारांत वरच्या कप्प्यांत रक्त साचून गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. शिवाय हृदयाचा खालचा भाग पडद्यालगत असल्यानें, तेथें झटका आला तर पुष्कळदां दुखतें तें पोटाच्या वरच्या भागांत. ओकारी येते, घाम सुटतो. मधुमेही माणसांत तर दुखणेंहि बेताचें असतें.

दुसरी गोष्ट औषधांची. बाईंच्या घरीं पित्ताची गोळी सकाळीं उपाशीपोटीं दोन वर्षें चालू आहे, तीहि दुकानदारास विचारून! ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीचीं औषधें फार काळ घेतल्यास रक्तांतील मॅग्नेशियम घटूं शकतें व हृदयाचा ताल बिघडूं शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०११ सालीं दिला. त्यांच्याच जोडीस पुष्कळदां डॉमपेरिडोन असतें. तें तर स्वतःच ताल बिघडवूं शकतें, विशेषतः साठीपुढील माणसांत. म्हणून २०१४ सालीं युरोपांतील नियामकांनीं त्याची मात्रा कमी केली आणि सामान्यतः एका आठवड्याहून अधिक काळ तें देऊं नये असें ठरविलें. गोळी मनानें बंद करूं नये; पण पाकीट घेऊन डॉक्टरांकडे अवश्य जावें.

बाईंनीं सगळा दोष मिरचीस दिला आहे. ज्या गांवीं लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात, तेथें हें सुचणें स्वाभाविक आहे. मिरचीनें कित्येकांची जळजळ वाढते हेंहि खरें. तरी या प्रकरणांत मिरचीपेक्षां घड्याळाचा दोष अधिक, असें आमचें मत आहे. व्रत सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. चंद्रदर्शनानंतर मऊ वरणभात आणि प्रसादापुरता एक मोदक घ्यावा, तळण वगळावें, आणि दोन तास तरी आडवें होऊं नये.

धडधड सुरू असतांना मनगटावरील नाडी मिनिटभर पाहावी. ताल नीट असून मध्येंच एखादा ठोका गळतो, कीं तालच उरलेला नाहीं, हें लिहून ठेवावें. हृदयाचा विद्युत्-आलेख शक्यतों धडधड चालू असतांनाच काढवावा. तें न जमल्यास चोवीस तास अंगावर बाळगण्याचें यंत्र मिळतें.

पत्राच्या अगदीं शेवटीं बाई जातां जातां लिहितात कीं, मागच्या खेपेस यजमानांस घाम सुटला, डोळ्यांपुढें अंधारी आली, आणि त्यांस पायरीवर बसावें लागलें. हें वाक्य पत्राच्या आरंभीं हवें होतें. अशा वेळीं ओव्याचा गुण येण्याची वाट पाहूं नये. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. धडगांवच्या घाटापलीकडील वाचकांनीं तर घटका दोन घटकाहि दवडूं नयेत, कारण रस्ताच तितका वेळ खातो. मासिक हातीं पडेपर्यंत आणखी एक संकष्टी होऊन जाईल, म्हणून बाईंस आम्हीं त्याच दिवशीं टपालानें निराळें कळविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.